वी म्युझिक खरंच इतका फालतू गेम आहे का?

तुम्ही विचारलंय की वी म्युझिकला, म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या वी या गेम मशीनवर हात हलवून वाद्यं वाजवायच्या गेमला, सगळे नावं ठेवतात, तरी नऊ वर्षांच्या पोरीसाठी जुना सेट मिळतोय तर घ्यावा का. घ्या. प्रश्न बघून राहवलं नाही, कारण याच गेमवरून माझं आणि आतेभावाचं 2009 च्या दिवाळीत जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही औशाचे. आतेभावानं अमेरिकेतून वी मागवला होता आणि दिवसभर त्यावर गिटार हिरो हा गिटारचा गेम खेळायचा. वी म्युझिकबद्दल त्याचं एकच, स्कोअर नाही, हरणं-जिंकणं नाही, नुसते हातवारे, ह्याला गेम कोण म्हणतं. मी म्हणलं अरे, तू तरी वाजवतोस कुठं, स्क्रीनवर जो रंग येईल ते बटण दाबतोस, ते शुद्धलेखन झालं.

तेवढ्यात अण्णा आले. माझे वडील, जन्मभर सप्त्यात पखवाज वाजवलेला माणूस. लोडशेडिंग संपून नुकतीच लाईट आली होती. मी त्यांच्या उजव्या हातात रिमोट दिला, डाव्या हातात नंचक, म्हणजे रिमोटला वायरनं जोडलेला दुसरा कंट्रोलर, काँगा हे ढोलासारखं वाद्य निवडलं आणि ट्विंकल ट्विंकल लावलं. अण्णा मांडी घालून बसले, दोन ओळी नुसतं ऐकलं, मग हळूच आठ मात्रांचा भजनी ठेका धरला आणि तो त्या इंग्रजी बालगीतावर चपखल बसला, मग दुगुन, म्हणजे दुप्पट लय केली, शेवटी तिहाई घेतली, एकच बोल तीनदा वाजवून समेवर यायचं ती. मी मागं व्हायोलिन घेऊन होतो. त्यात नुसतं तालात हात हलवला तर मूळ चाल वाजते, मधे जास्तीचे हात मारले तर गेम त्या जागी जुळणारे सूर भरतो, आणि थांबलात तर तेवढी जागा रिकामी राहते. आमच्या भजनातला पेटीवाला दुसरं काय करतो?

गाणं संपलं की गेम विचारतो, शंभरपैकी किती देता स्वतःला. अण्णांनी चाळीस दिले. आतेभाऊ हसला, स्वतःच मार्क द्यायचे होय? अण्णा म्हणले, "मंग कोण देणार? तिहाई एका मात्रेनं मागं पडली, तुला कळली का?" त्याला कळली नव्हती.

2008 मध्ये निन्टेंडोच्या मियामोतोंनी हा गेम आणला तेव्हाही लोक स्कोअरच शोधत बसले. साठाहून जास्त वाद्यं, सितारसुद्धा, चौघं एकत्र वाजवू शकतात, ते कुणाला दिसलंच नाही.

आता खरं सांगायचं तर आवाज स्वस्तातल्या कीबोर्डसारखा आहे, गाणीही बरीचशी बालवाडीतली, आणि रिमोट कधीकधी हात नीट पकडत नाही. जुना सेट घेताना अडॅप्टर बघा, अमेरिकन असेल तर 120 व्होल्टचा असतो, आपल्या प्लगात थेट लावला की गेला. डिस्क आणि मशीन एकाच रीजनचे, म्हणजे जगाच्या एकाच भागासाठी बनवलेले पाहिजेत, नाहीतर चालणार नाही. नंचक दोन घ्या.

आणि पोरीला शिकवत बसू नका. तिनं चालीत तीन ठोके जास्त टाकले तर टाकू द्या. आतेभाऊ तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीच्या हातातून "असं नाही, तसं" म्हणत रिमोट ओढून घ्यायचा, तिनं नंतर त्या गेमला हात लावला नाही.