अष्टपैलू म्हणजे खडा एकच

प्रश्न असा : आयर्लंडमध्ये हर्लिंग (लाकडी काठीने छोटा चेंडू मारायचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल (हाता-पायांनी खेळायचा तिथला फुटबॉल) दोन्ही वरच्या पातळीवर खेळणाऱ्याला 'ड्युअल प्लेयर' म्हणतात. तिथल्या कॉर्क परगण्याच्या टेडी मॅकार्थीला मराठीत 'अष्टपैलू खेळाडू' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. गाणारी नटी अष्टपैलू, पोळ्या लाटून हिशेब लिहिणारी सून अष्टपैलू, आता हा शब्द आयर्लंडलाही निघाला!

'अष्ट'चं सांगायला नको. गंमत 'पैलू'त आहे. तो फारसी 'पहलू', म्हणजे कूस, बरगडीची बाजू. (पहिलवान त्याचा भाऊबंद नव्हे, तो 'पहलव', म्हणजे पार्थियन लोकांच्या नावावरून आला.) हा शब्द जवाहिऱ्याच्या हाती पडला आणि बरगडीची बाजू हिऱ्याची झाली. 'पैलू पाडणे' तिथलंच. पैलू आठ असोत की अठ्ठावन्न, खडा एकच! कपिल देव अष्टपैलू, कारण फलंदाजी-गोलंदाजी हे एकाच खेळाचे पैलू.

मॅकार्थीचे खडेच दोन. २ सप्टेंबर १९९० ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर कॉर्कने हर्लिंगच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात गॉलवेला हरवलं, १६ तारखेला तिथेच फुटबॉलमध्ये मीथला. दोन्ही संघांत हा होता. एकाच वर्षी ही दोन्ही वरिष्ठ विजेतेपदं मिळवणारा पुरुष तो एकटाच. मैदान तेच, गोलखांब तेच, पंधरा-पंधरा गडी तेच, मग खेळ दोन कसे, असं विचारणाऱ्यांनी फुटबॉल लाकडी काठीने हाणून बघावा.

'सव्यसाची' सुचवणारे पंडितही भेटतात. सव्य म्हणजे डावा. अर्जुन डाव्या हातानेही गांडीव ओढायचा म्हणून सव्यसाची. हात दोन, पण धनुष्य? एकच! पंडितांनी विराटपर्व पुन्हा उघडावं. 'दुहेरी' म्हणावं तर बॅडमिंटनवाले त्याचा जोडीदार शोधू लागतील.

माझा शब्द 'दुखेळ्या', 'दुभाष्या'च्या चालीवर. 'दु' म्हणजे वाईट ना, असा आक्षेप लगेच येतो. अहो, 'दुबळा'मधला दु 'दुर्'चा, 'दुमजली'तला 'द्वि'चा. दुपार म्हणजे द्विप्रहर. दुपारला वाईट कोण म्हणतं?

कॉर्कच्याच जॅक लिंच यांनी १९४१ ते १९४६ ओळीने सहा ऑल-आयर्लंड पदकं जिंकली, पाच हर्लिंगची, एक फुटबॉलचं, आणि पुढे ते पंतप्रधान झाले. त्यांना 'तिखेळ्या' म्हणू का, असं विचारू नका. राजकारण मी खेळात धरत नाही.