शाळेतल्या खेळाने चारित्र्य घडतं का? तिसऱ्या तुकडीला विचारा

शाळेतल्या खेळाने चारित्र्य खरंच घडतं का आणि शाळेभोवती माणसं जोडली जातात का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या खेळाने काहीही घडत नाही. कोणाला किती वेळ पळायला मिळतं, यावर सगळं ठरतं. खो-खोवरून सांगतो, कारण या खेळात पक्षपात लपवायला भरपूर जागा आहे.

नऊ पळणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी आत येतात. जिंकायची घाई झालेला शिक्षक सगळ्यात चपळ तिघे पहिल्या तुकडीत घालतो आणि कच्ची मुलं तिसरीत. एक पाळी नऊ मिनिटांची. पहिल्या दोन तुकड्यांनी वेळ काढला की तिसरी मैदानात उतरतच नाही. कागदावर ती मुलं संघात असतात, पण वर्षभर पळालेली नसतात. पाठलागातही तेच. खांबाजवळ चपळ गडी, मधल्या चौकांत, म्हणजे बसायच्या चौकोनांत, कच्चे, आणि मधल्यांना खो द्यायचाच नाही.

खो न देता एकटाच धावत सुटणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला ओरडू नका, नियम कडक लावा. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळता येत नाही, मध्यपाटी, म्हणजे दोन खांबांमधली बसलेल्यांची पट्टी, ओलांडता येत नाही. पळणारा दोन बसलेल्यांमधून पलीकडे निघून जातो आणि हा खांबाला वळसा घालत राहतो. चार फेऱ्यांत त्याला खो देण्याची गरज कळते. खो दिला की लगेच त्या गड्याच्या जागी बसायचं. ऐन रंगात आलेला पाठलाग दुसऱ्याच्या हाती सोपवून स्वतः खाली बसणं मुलांना सगळ्यात जड जातं, आणि मला हा खेळ शाळेत हवा तो याचसाठी.

चाळीस मुलं आणि 35 मिनिटांचा तास असेल तर वीस-वीसचे दोन गट करा. नऊ पाठलागाला, नऊ पळायला, दोन पंच. पाच मिनिटं अंग मोकळं करायला, मग चार-चार मिनिटांच्या चार पाळ्या. प्रत्येक पाळीला पंच बदला आणि तुकड्यांचा क्रम फिरवा: आज तिसरी आलेली उद्या पहिली. मैदान लहान असेल तर चौकांमधलं अंतर कमी करा, चौक आठच ठेवा. हात लागला पण पंचाला दिसला नाही, तर पळणाऱ्याने स्वतः हात वर करून बाहेर जायचं. त्यावर एकही गुण कापू नका, शाबासकीही देऊ नका. ते नेहमीचंच वाटलं पाहिजे.

माणसं जोडायची असतील तर पालकांना बक्षीस समारंभाला नाही, मैदान तयार करायला बोलवा. खडे वेचणं, आदल्या संध्याकाळी पाणी मारणं, 27 बाय 16 मीटर फक्कीने आखणं. चुना नको, सूर मारणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

‘अशाने स्पर्धेत हरू’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. 2025 मध्ये दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले, ते अभिमानाचंच आहे. पण त्या स्तरावरची निवड आठवीच्या तासाला लावायची नसते. स्पर्धेसाठी बारा जण निवडा, खुशाल निवडा, सराव मात्र शाळा सुटल्यावर घ्या. तासावर हक्क चाळीसांचा आहे.

दहा ते चौदा वयात भराभर वाढणाऱ्या मुलांना चौकात उकिडवं बसून गुडघ्याखाली दुखू शकतं. अशा मुलाला त्या आठवड्यात पंच करा किंवा घड्याळ द्या, आणि दुखणं थांबलं की पहिल्याच तुकडीत पाठवा.