जुन्या विंडसर्फिंग मास्टपासून होडीची हलकी काठी

प्रश्न : माझ्याकडे साडेतीन मीटर लांबीची, एका शिडाची होडी आहे. तिच्या परबाणाची लाकडी काठी, म्हणजे शिडाची वरची कड जिला बांधलेली असते ती, बरीच जड असून शीड उतरवताना डोक्यावर आदळण्याची भीती वाटते. विंडसर्फिंगचे, म्हणजे शीड लावलेल्या फळीवरून पाण्यावर सरकण्याच्या खेळाचे, दोन वापरलेले मास्ट (शिडाच्या उभ्या काठ्या) मला मिळाले आहेत. एकाचा खालचा भाग बूम, म्हणजे हाताने धरायचा आडवा दांडा, अडकवण्याच्या जागी मोडला आहे, दुसरा धड दिसतो. यांपासून तीन मीटरची काठी करता येईल का? हे मास्ट फार वाकतात असे ऐकल्यामुळे मी थांबलो आहे.

उत्तर : करता येईल, आणि आपली शंकाही रास्त आहे. हा मास्ट वाकावा अशाच बेताने घडवलेला असतो. वाऱ्याचा झोत आला की त्याचे टोक झुकते आणि शिडावरचा जादा दाब निघून जातो. त्याचा ताठपणा मोजताना दोन्ही टोके टेकवून मध्यभागी 30 किलो वजन टांगतात आणि मास्टच्या लांबीला तेथे आलेल्या झोकाने भागतात. 460 सेंटीमीटरच्या मास्टसाठी हा भागाकार साधारण 25 येतो, म्हणजे झोक 18 सेंटीमीटरांहून थोडा अधिक असतो. आकडा मोठा वाटला तरी झोक हा दोन टेक्यांमधील अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, हे विसरू नये. अंतर निम्मे झाले की झोक एक अष्टमांश उरतो. नळी सर्वत्र सारखी धरली, तर आपल्या तीन मीटरच्या काठीत तोच झोक पाच सेंटीमीटरांच्या आसपास येईल. निमुळतेपणामुळे प्रत्यक्षात तो काहीसा जास्त भरेल.

आता कोणते तुकडे घ्यावेत ते पाहू. दोन्ही मास्टचे वरचे निमुळते भाग घेऊन त्यांची जाड तोंडे एकमेकांना जोडावीत आणि जास्तीची लांबी बारीक टोकांकडून कापावी. अशी काठी मध्ये जाड व दोन्हीकडे निमुळती होते, आणि परबाणाला नेमका हाच आकार हवा असतो. खालचा भाग मोडलेला असला तरी आपले काही बिघडत नाही, तो मुळात लागतच नाही. मात्र दोन्ही मास्ट एकाच जाडीचे असले पाहिजेत : रुंद प्रकाराचा आतील व्यास बुडाशी सुमारे 48 मिलिमीटर, तर सडपातळ प्रकाराचा सुमारे 32 मिलिमीटर असतो, आणि या दोहोंची सांगड घालण्याच्या भानगडीत पडू नये. कापण्यापूर्वी संपूर्ण लांबीवर नाण्याने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला, तर तेथे आतले थर सुटलेले असण्याची शक्यता असते.

खरी कसोटी सांध्याची. आत घट्ट बसेल असा लाकडी गाभा तासून घ्यावा आणि तो सांध्याच्या दोन्ही बाजूंना व्यासाच्या निदान चौपट आत जाऊ द्यावा. गाभ्याची टोके निमुळती ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण तो एकाएकी संपला तर सगळा ताण त्याच रेषेवर साचतो आणि काठी तेथेच मोडते. नळीची आतली बाजू खरडून, ॲसिटोनने पुसून, मगच इपॉक्सी (घट्ट होणारा राळेसारखा गोंद) लावावे. बाहेरून फायबरग्लासच्या कापडाचे दोन-तीन वेढे द्यावेत. शीड वर ओढण्याचा दोर शक्यतो याच सांध्यावर येईल असे बेतावे. पातळ नळी वाकून मोडण्याआधी चेपून निकामी होते, आणि तेथे आत गाभा असल्यामुळे ती चेपत नाही. दोरासाठी भोके मात्र पाडू नयेत, बांधणीच करावी. मास्ट कार्बनच्या तंतूंचा असेल आणि त्याला ॲल्युमिनियमचे कडे चिकटून राहिले तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झपाट्याने कुरतडले जाते, म्हणून मध्ये फायबरग्लासचा थर हवा. दोन्ही टोके बुजवली की काठी पाण्यात पडली तरी तरंगते. उन्हाने इपॉक्सी खराब होते, त्यामुळे शेवटी फिकट रंगाचा हात द्यावाच.

कापताना व घासताना पाणी वापरावे आणि चांगला मुखवटा लावावा. ही धूळ फुप्फुसांना घातक असते व कातडीत खुपत राहते.

प्रश्न : हाच मास्ट अखंड ठेवून मोठ्या होडीची डोलकाठी म्हणून उभा केला तर चालेल का?

उत्तर : लहानशा शिडाच्या हलक्या होडीवर चालेल, जड होडीवर नाही. विंडसर्फिंगच्या फळीवर मास्टचा पाय सर्व दिशांना फिरणाऱ्या सांध्यावर असतो आणि वारा अनावर झाला की माणूस बूम सोडून देतो. होडीत पाय घट्ट रोवलेला असल्यामुळे संपूर्ण भार डेकच्या उंचीवर एकाच जागी येतो. शिवाय कार्बन विजेचा वाहक आहे. असा मास्ट उभा करून होडी किनाऱ्यावरून नेताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहावे.