249 ग्रॅमचा ड्रोन घेऊन साताऱ्याला येतोय. शहरात, अजिंक्यताऱ्यावर आणि कासला उडवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून पुण्यापर्यंत विमानाने आणि पुढे एसटीने येणार, सोबत ड्रोन आणि तीन बॅटऱ्या आहेत, आणि दुकानदार म्हणाला, "अडीचशे ग्रॅमच्या आत आहे, कुणालाच विचारायला नको." मी साताऱ्यात लग्नांचं आणि शेतजमिनींचं ड्रोन शूटिंग करतो. असेच "विचारायला नको" म्हणून आलेले पाहुणे दर सीझनला अडचणीत सापडलेले बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानदाराचं अर्धंच खरं आहे. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो. त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही आणि थर्ड पार्टी इन्शुरन्सची सक्तीही नाही. पण म्हणून सगळ्याच नियमांतून सूट मिळत नाही. लाल (उडवायला बंदी), पिवळा (परवानगी घेऊन) आणि हिरवा (मोकळा) असे हवाई झोन आणि उंचीची मर्यादा नॅनोलाही तेवढीच लागू आहे. शिवाय वजन मोजायचं ते उडताना, अंगावर जे काही आहे त्यासकट. काही मिनी ड्रोनला जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी मिळते. ती लावली की हाच ड्रोन तीनशेच्या जवळ जातो आणि मायक्रो, म्हणजे नॅनोच्या वरच्या वजनगटातला होतो. मायक्रो हौसेसाठी उडवला तर सर्टिफिकेट लागत नाही, पण पैसे घेऊन कुणाचं काम केलं तर लागतं. आणि ड्रोन परदेशातून पाहुण्यांनी आणून दिला असेल तर तो वेगळाच घोळ. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे.

प्रवासाचं सोपं आहे. सुट्या बॅटऱ्या कॅबिन बॅगेतच ठेवायच्या, चेक-इनमध्ये अजिबात नाही. बॅटरीवर वॅट-अवर छापलेले असतात. नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. 7.7 व्होल्ट, 2250 एमएएच म्हणजे साधारण 17 वॅट-अवर. शंभरापर्यंत कुणाची मंजुरी लागत नाही, त्यामुळे तुम्ही निश्चिंत या. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ती वेगळ्या पिशवीत घाला. पंख्यांचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर चेक-इनमध्ये टाका, नाहीतर तो तिथेच ठेवून यावं लागेल. ड्रोन कुठे ठेवायचा ते तुमच्या विमान कंपनीला आधी विचारून घ्या. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं आहे. तिथे ड्रोन बॅगेतून बाहेरच काढू नका.

आता अजिंक्यतारा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, माझीही झाली होती. हिरव्या झोनमध्ये जमिनीपासून 400 फूट, म्हणजे 120 मीटरपर्यंत विना परवानगी उडवता येतं. पण स्क्रीनवर जी उंची दिसते ती टेक-ऑफच्या जागेपासूनची. शहराच्या बाजूच्या तटावरून ड्रोन उचलला, वीस मीटर वर नेला आणि सरळ खाली शहरातल्या राजवाड्याच्या दिशेने पुढे ढकलला. स्क्रीनवर आकडा वीसच. खाली मात्र कडा संपलेला असतो, आणि किल्ला शहरापासून जवळपास 300 मीटर उंच आहे. म्हणजे रिमोटवरची उंचीची काठी न हलवता ड्रोन पिवळ्या झोनमध्ये शिरला, जिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. हे मला दोन वर्षं कळलंच नव्हतं. मी आपला वीसचा आकडा बघून खूश असायचो. तेव्हा गडाच्या माथ्यावरच राहा, ड्रोन डोळ्यांना दिसेल एवढाच लांब न्या. गडावर टॉवर आहे, म्हणून रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो तेव्हाची, उंची आधी तपासून घ्या.

शहरात उडवायचाच असेल तर त्या दिवशी सकाळी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा झोनचा नकाशा बघा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा. दोन्ही करा, कारण एखाद्या भागापुरता तात्पुरता लाल झोन पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी जाहीर करू शकतो. मिरवणूक, सभा, मंत्र्यांचा दौरा असला की हमखास आदेश निघतो. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो.

कासचं पठार वन खात्याच्या अखत्यारीत आहे आणि 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. नकाशा हिरवा दिसला तरी तिथे त्यांच्या लेखी परवानगीशिवाय उडवू नका. बामणोलीपलीकडे, वासोट्याच्या बाजूला कोयना अभयारण्य लागतं, तिथे तर विचारही नको. प्रतापगड करायचा असेल तर तो राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे, परवानगी त्यांची.

मग उडवायचा कुठे? माझं ऐकाल तर कुणाच्या तरी शेतात, मालकाला विचारून. 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यापासून मराठवाड्यापर्यंत "रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात" अशी बोलवा उठली होती. त्याच दिवसांत साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यातल्या एका गावात मी भर दुपारी जमिनीचं काम करत होतो. दहा मिनिटांत पंधरा-वीस माणसं जमली. एक म्हातारी पुढे आली, "आमच्या घरात लेकी-सुना हायत, वरनं काय बघतोयस रं?" मी ड्रोन उतरवला, रिमोट तिच्या हातात दिला आणि घेतलेली क्लिप लावली. पदराने ऊन आडवून तिने स्क्रीन निरखली. "ह्यो माझाच पत्रा की. कोपऱ्याचा उचकाटलाय बघ." लगेच नातवाला हाक मारून तिने शिडी आणायला सांगितली. तिने विचारलं ते बरोबरच होतं. आपल्या घरावर अनोळखी कॅमेरा घिरट्या घालतोय हे कुणाला आवडेल? तेव्हापासून मी गावात गेलो की आधी सरपंचांना भेटतो, मग बॅग उघडतो. संध्याकाळ झाल्यावर उडवत नाही.

घाटमाथ्यावर उडवणार असाल तर सकाळी आठच्या आत पोचा. दहा वाजले की वारा उठतो आणि नॅनो ड्रोन येताना वाऱ्याविरुद्ध तग धरत नाही. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की परत फिरा. घारी जवळ आल्या तर खाली न उतरता आधी सरळ वर जा, त्या वरून झडप घालतात.