पट्टी जुळवताना आधी टेम्पो पाहा

डीजे म्हणून एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना कॅमेलॉट चक्राचा (प्रत्येक पट्टीला घड्याळासारखा १ ते १२ आकडा आणि मायनरसाठी ए, मेजरसाठी बी देणारा तक्ता) नियम सोपा आहे. ८ए (ए मायनर) नंतर ७ए, ९ए किंवा ८बी (सी मेजर) लावा, सूर भांडत नाहीत. पण नवशिक्यांची गाडी अडते ती टेम्पोवर, म्हणजे गाण्याच्या वेगावर. की लॉक (वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारी सोय) बंद असताना वेग सुमारे ६ टक्के वाढवला की पट्टी अर्धा स्वर चढते. म्हणजे १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोके) ८ए गाणं १२७ वर नेलंत, तर ते ३ए (बी फ्लॅट मायनर) झालं! सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मात्र कदाचित ८एच दिसत राहील. की लॉक लावलात तर पट्टी टिकते, पण वेग फार ताणला की गायकाचा आवाज फाटल्यासारखा येतो. म्हणून शक्यतो वेगात ३-४ टक्क्यांच्या आतच फरक असलेली गाणी निवडा. ७० आणि १४० ची जोडीही चालते, दुप्पट लय म्हणून.

सॉफ्टवेअरने सांगितलेल्या पट्टीवर डोळे झाकून विसंबू नका. मेजर-मायनरची गल्लत ते बऱ्याचदा करतं. कीबोर्डवर षड्ज धरून गाण्यासोबत वाजवा, खटकलं तर लगेच कळेल. आणि पट्टी जुळली तरी दोन गाण्यांचे बेस (खालचे, जड सूर) एकत्र सोडू नका; नवा बेस उघडताना जुना कापा, तोही ३२ मात्रांचा टप्पा संपतो तिथेच.