तिन्हीसांजेला बसणारं नेट

प्रश्न : मी भांडुपला राहतो. आई-बाबा गावी असतात, संगमेश्वर तालुक्यात. दीड वर्षापूर्वी तिथल्या केबलवाल्याकडून फायबरचं कनेक्शन घेतलं, ५० एमबीपीएसचा प्लॅन आहे. सकाळी व्हिडिओ कॉलवर बाबा लख्ख दिसतात. संध्याकाळी साडेसात-आठला मात्र चेहरा थिजतो, आवाज तुटतो. कधी तासभर, कधी दहाच मिनिटं, आणि मग आपोआप सुरळीत. रोज होतं असंही नाही. केबलवाल्याने राउटर बदलून दिला, दोनदा माणूस पाठवला. तो आला की नेट धावतं! आता म्हणतो, १०० चा प्लॅन घ्या. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून घराला चार कॅमेरे लावलेत. मला त्यांचाच आधार वाटतो. बाबा सत्तरीचे, त्यांना यातलं काही कळत नाही. मी मुंबईत बसून काय तपासू?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ‘बाबांना काही कळत नाही’ हे आधी मनातून काढून टाका. अधूनमधून येणारा बिघाड शोधायला त्या घरात चोवीस तास असणारा माणूस लागतो, आणि असे तुमच्याकडे बाबाच आहेत. लाइनमन दुपारी बाराला येतो, तेव्हा बिघाड घरात नसतोच.

मी ३१ वर्षं मुंबईत टेलिफोनच्या केबल जोडण्याचं काम केलं. पूर्ण बंद पडलेला फोन आम्हाला कधी जड गेला नाही. तार तुटलेली असायची, मोजमाप करून जागा सापडायची. घाम काढायचा तो मधूनच खरखरणारा फोन. जुन्या केबलमध्ये तांब्याच्या तारांवर कागदाचं वेष्टन असे. शिशाच्या आवरणाला बारीकशी चीर गेली की पावसात कागद ओलावायचा आणि ऊन पडलं की सुकायचा. आम्ही पोहोचेपर्यंत फोन ठणठणीत! तेव्हा आमच्या मुकादमांनी मला पहिला प्रश्न शिकवला : ‘काय बिघडलंय’ हे नंतर विचार, ‘कधी बिघडतं’ ते आधी विचार. फायबर आलं, राउटर आले, पण हा प्रश्न अजून तसाच उपयोगी पडतो.

माझ्याच बहिणीच्या घरचं सांगतो. माई लांजा तालुक्यात राहते. तिच्याकडेही नेमकं संध्याकाळी नेट बसायचं. दोन राउटर बदलून झाले, अ‍ॅडॉप्टर बदलून झाला. मे महिन्यात मी गेलो आणि काहीच न करता दोन दिवस ओटीवर बसून राहिलो. दिवेलागणीला माईने डास येतात म्हणून माजघराची खिडकी लावून घेतली, आणि पाचच मिनिटांत नातवाचा क्लास अडकला. उठून पाहिलं तर बाहेरून आलेली काळी फायबर खिडकीच्या चौकटीतूनच आत घेतली होती. झडप लागली की केबल लाकडात चेपायची. राउटरच्या सेटिंगच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा आकडा पाहिला (उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी) : खिडकी उघडी असताना उणे २१, लावल्यावर उणे २९. या मोजमापात दर ३ ला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे ८ च्या फरकाने तो सहाव्या हिश्शावर आला होता. रात्री उकडायला लागलं की माई खिडकी उघडायची आणि नेट ‘आपोआप’ सुरळीत व्हायचं. चौकटीशेजारी भिंतीला भोक पाडून केबल त्यातून घेतली, एवढाच काय तो उपाय. पण तोवर आठ महिने त्या पोराचे क्लास बुडाले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा बाबांना एक वही करायला सांगा. नेट अडकलं की वेळ लिहायची आणि त्या क्षणी काय काय चालू होतं तेही : पाऊस, वारा, पंप, फ्रिज, मिक्सर, लावलेलं दार-खिडकी, घरी आलेला पाहुणा. सुरळीत झाल्याची वेळसुद्धा हवी. राउटरवरचे दिवेही बघायला सांगा. ‘पॉन’ (PON) लिहिलेला, लाइन जोडलेली असल्याचं दाखवणारा दिवा स्थिर हिरवा आहे की लुकलुकतोय? प्रकाश पोहोचत नसल्याचं सांगणारा ‘लॉस’चा (LOS) लाल लागलाय का? आणि हे लिहून होईपर्यंत राउटर बंद-चालू करायचा नाही. बंद-चालू केल्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण खूण पुसली जाते. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की फोनवर वाचून घ्या.

आता घर की लाइन, हे वेगळं करायचं. तुमचं घर चिऱ्याचं असणार. जांभा सच्छिद्र, पावसाळाभर पाणी धरून ठेवतो, आणि ओल्या भिंतीत वायफायची लहर मुरते. राउटर माजघरात आणि बाबा पडवीत, असं असेल तर पावसात तिथे नेट मंद होणारच. म्हणून नेट अडकलेलं असतानाच बाबांनी फोन घेऊन राउटरपासून हातभर अंतरावर उभं राहायचं आणि तिथून तुम्हाला कॉल लावायचा. तिथे चित्र स्वच्छ आलं तर दोष भिंतींचा. मग राउटर पडवीच्या दाराकडे सरकवा किंवा केबल टाकून तिकडे दुसरा बसवा. तिथेही अडकलं तर वायफायला बोल लावू नका. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा लॅपटॉप राउटरला तारेने जोडून हीच परीक्षा पुन्हा घ्या, कारण तारेची साक्ष सर्वांत पक्की. लॅपटॉपवर दोन पिंग (‘आहेस का?’ अशी छोटीशी हाक, उत्तर किती वेळात आलं ते दिसतं) लावून ठेवा, एक राउटरला आणि एक बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. राउटरची उत्तरं वेळेवर येताहेत आणि बाहेरची रखडताहेत, म्हणजे घरातलं जाळं निर्दोष आहे.

लाइनमन आला की त्याला एकच आकडा विचारा : ‘पॉवर किती येतोय?’ म्हणजे माईकडे पाहिला तोच प्रकाशाचा आकडा. तो ‘मायनस बावीस’ असं काहीतरी सांगेल. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असला तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या पलीकडे गेला तर राउटरला धड दिसतच नाही असं समजा. पण दुपारचा आकडा पुरेसा नाही. बऱ्याच राउटरच्या आतल्या पानावर तो घरबसल्या दिसतो. लाइनमनकडून ते पान उघडायला शिकून घ्या आणि संध्याकाळचा आकडाही वहीत उतरवा. संध्याकाळी तो घसरत असेल तर केबल कुठेतरी दबते, वाकते किंवा हलते आहे. कोकणात फायबर विजेच्या खांबांवरून आणि फणसाच्या फांद्यांमधून येते, वानरं तिच्यावर लोंबकळतात. खांबाला तारेने आवळून बांधलेली जागा वाऱ्याने ओढली गेली तरी प्रकाश गळतो. दोन जोडांमधली रंगांची गफलतही मी पाहिली आहे. हिरव्या टोपणाच्या जोडाचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरव्यात निळा खुपसला तर नेट लागतं, पण प्रकाश बराच वाया जातो. जोड बाबांनी काढू नये आणि टोकाला बोट तर लावूच नये. प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. बोटाचं तेलसुद्धा त्याला पडद्यासारखं आड येतं. उघड्या टोकात डोकावूही नये. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

पंप किंवा फ्रिज सुरू होताना राउटरचे सगळे दिवे एकदम जाऊन पुन्हा लागत असतील तर व्होल्टेज पडतंय. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, प्रश्न मिटेल.

आता मला तुमच्या पत्रात सर्वांत खटकलेली गोष्ट. चार कॅमेरे! तुम्ही कामावरून घरी येता, चहा घेता, कॅमेऱ्यांचं अ‍ॅप उघडून आई-बाबांना बघता आणि मग त्यांना कॉल लावता, असं तर होत नाही ना? प्रत्येक कॅमेरा २ एमबीपीएस पाठवू लागला तरी चौघांचे ८ होतात. प्लॅनचा ५० हा आकडा घरात येणाऱ्या डेटाचा. घरातून बाहेर जाणारा वेग काही प्लॅनमध्ये फारच कमी असतो. बाहेर जाणारा रस्ता कॅमेऱ्यांनी भरला की बाबांचा चेहरा आणि आवाज त्याच रांगेत मागे उभे राहतात. तुम्ही अ‍ॅप बंद केलंत की दहा मिनिटांत सगळं सुरळीत. ‘रोज होत नाही’ याचाही उलगडा इथे असू शकतो. ज्या दिवशी तुम्हाला यायला उशीर होतो त्या दिवशी काय होतं, ते बाबांच्या वहीत नक्की बघा. तसं निघालं तर मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काळजीपोटीच बघत होतात. कॅमेऱ्यांचं चित्र हलक्या दर्जावर ठेवा, एका वेळी एकच उघडा आणि रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावरच होऊ द्या.

हे सगळं तपासूनही राउटरजवळ आणि तारेवरही रात्री आठ ते साडेदहालाच वेग पडत असेल आणि प्रकाशाचा आकडा जागच्या जागी असेल, तर केबलवाल्याने घेतलेली क्षमता गावाला अपुरी पडते आहे. वरचा प्लॅन घेऊन ती वाढत नाही. व्हिडिओ कॉलला २-३ एमबीपीएस पुरतात, म्हणून १०० चा प्लॅन तूर्त मुळीच घेऊ नका. वहीतल्या तारखा-वेळांसह लेखी तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घ्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या नियमांनुसार तो मिळायलाच हवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. भांडून जे होत नाही ते आठ दिवसांच्या नोंदींनी झालेलं मी पाहिलं आहे.

प्रश्न : प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण फाइल उतरवताना १२ च्या वर आकडा जात नाही. ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नाही. प्लॅन बिट्समध्ये मोजतात आणि फाइल बाइट्समध्ये. ८ बिट्सचा १ बाइट, म्हणून १०० चे साडेबारा. तुम्हाला पूर्ण वेग मिळतो आहे. प्लॅन २०० चा असून तारेवरची चाचणी ९४-९५ ला अडकत असेल, तर मात्र लॅन केबल बदलून बघा. आठ तारांपैकी एखादी तुटली की जोडणी चार तारांवर, म्हणजे १०० वर उतरते.

प्रश्न : दरवर्षी गणपतीला राजापूरला जातो. मोबाइलला सगळ्या काड्या दिसतात, पण काहीच उघडत नाही. सिम बदलू का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : काड्या टॉवरचा आवाज किती मोठा येतो ते सांगतात, टॉवरला तुमच्यासाठी सवड आहे का ते सांगत नाहीत. एरवी वाडीत चाळीस फोन असतील तर त्या आठवड्यात चाकरमान्यांचे तीनशे येतात, आणि सगळे एकाच टॉवरवर. दुसऱ्या कंपनीचा वेगळा टॉवर जवळ असेल आणि तिचे ग्राहक तिथे कमी असतील, तरच सिम बदलून फायदा. ते गावातल्या दुकानदाराला विचारा, त्याला अचूक ठाऊक असतं. शेजारी फायबर असेल तर त्यांच्या वायफायवरून वायफाय कॉलिंग चालू करा. परतीच्या गाडीचं तिकीट आणि पैशांचे व्यवहार पहाटे, आरतीच्या कितीतरी आधी उरकून घ्या. खिशात थोडी रोकडही ठेवा.