वाचक विचारतात: बाबांना किंडर, आईला गुडघे!

प्रश्न: नमस्कार ताई, मी मँचेस्टरला राहते. ऑगस्टमध्ये आईबाबा पुण्याहून येतायत. बाबांनी सह्याद्रीतले बरेच गड केलेत, आता इथल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातला किंडर स्काउट डोंगर करायचाच म्हणतात, "६३६ मीटर म्हणजे सिंहगडाच्या निम्मासुद्धा नाही" असं रोज फोनवर ऐकवतायत. आईचे गुडघे दुखतात. आमच्याकडे गाडी नाही. एका दिवसात दोघांचं जमेल का?

उत्तर: नाही जमणार, दोन दिवस काढा. एकाच दिवसात कोंबलंत तर आई रुसणार आणि बाबा घाई करणार.

बाबांना सांगा, किंडरची उंची त्रास देत नाही हो, वरचं पठार देतं. आपल्या सड्यावर खाली कातळ असतो, पाय ठेवला की ठेवला. इथे वर मूर आहे, म्हणजे पीट, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा हजारो वर्षं साचलेला काळा थर, भिजलेल्या स्पंजासारखा, आणि त्यात पाण्याने कापलेल्या घळी, सगळ्या सेम टू सेम, वर धुकं उतरलं की आलो कुठून तेच कळत नाही. मी पहिल्याच वेळी शॉर्टकट मारायला गेले आणि गुडघ्यापर्यंत आत, बूट काढायला दोघं लागले! तेव्हा मधून जायचंच नाही, कडेकडेची वाट धरायची.

मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनहून शेफिल्डकडे जाणारी, सगळीकडे थांबणारी ट्रेन पकडा, पाऊण तासात ईडेल. गावातल्या ओल्ड नॅग्ज हेड पबपाशी पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट सुरू होते, पार स्कॉटलंडपर्यंत, साधारण ४३० किमी. तिथे बाबांचा फोटो काढा, खूश होतील. मग अपर बूथवरून जेकब्ज लॅडरच्या दगडी पायऱ्या चढून वर, आणि त्याच वाटेने परत. आणि हो, २४ एप्रिल १९३२ ला शेकडो लोक जमीनमालकांची बंदी मोडून याच डोंगरावर घुसले होते, पाच जणांना तुरुंगवास झाला, आणि १९५१ मध्ये हाच भाग ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क झाला. बाबांना ही गोष्ट चढाच्या आधी सांगा, दम लागल्यावर कोण ऐकतंय!

ऑगस्टमध्ये हेदर नावाचं बुटकं झुडूप फुलतं, अख्खा डोंगर जांभळा. पाऊसही असतोच, छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या. वर चहा करायला स्टोव्ह वगैरे अजिबात पेटवू नका, पीटला आग लागली की आतल्या आत धुमसत राहते.

दुसरा दिवस आईचा. पीक डिस्ट्रिक्टमधल्याच बेकवेल गावाजवळ मॉन्सल ट्रेल आहे, बंद पडलेल्या रेल्वेलाइनवरची वाट, साडेआठ मैल, पण जमेल तेवढीच चाला. एकदम सपाट, मधे बोगदे, खाली वाय नदीची हिरवीगार दरी. हा भाग चुनखडीचा, त्यामुळे ईडेलच्या काळ्या चिखलानंतर दुसऱ्याच देशात आल्यासारखं वाटतं. बसचं टाइमटेबल आधी बघा, विशेषतः रविवारी. बेकवेल पुडिंगमध्ये अंडं असतं, आईला चालत नसेल तर दुकानात शिरायच्या आधीच सांगून टाका.